लठ्ठ, तिरकी आणि घाईतली अक्षरं

संगणकावर देवनागरीत ‘लठ्ठ’ हा शब्द टाइप करा. अक्षरं चांगली बोटभर उंच करा. आधी ठळक करणारं ‘बी’चं बटण दाबा, मग तिरकं करणारं ‘आय’चं, आणि आता त्यातल्या ठकडे डोळे बारीक करून बघा. मघाशी ज्याचा गोल चहूबाजूंनी जवळपास सारख्या जाडीचा होता, तोच ठ आता वर उजवीकडे आणि खाली डावीकडे सुजलेला दिसेल. वर डावीकडे आणि खाली उजवीकडे मात्र तो वाळून गेला आहे.

ही सूज कुणा चित्रकारानं आणलेली नाही. तुम्ही जो फाँट वापरताय त्याला तिरकं रूपच नसण्याची शक्यता दाट आहे. विंडोजमधला ‘निर्मला’ घ्या, अॅपलच्या फोनमधला ‘कोहिनूर देवनागरी’ घ्या किंवा गूगलचा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ घ्या. ठळक रूप तिघांनाही आहे, तिरकं एकालाही नाही. बटण दाबलं की यंत्र सरळ अक्षराचे पाय जागच्या जागी धरून ठेवतं, डोकं उजवीकडे ढकलतं आणि ‘घ्या, झालं तिरकं’ म्हणतं. वेबपानांसाठी जी जागतिक नियमावली आहे तिच्यात हे ढकलणं १४ अंशांचं धरलेलं आहे. म्हणजे चार इंच उंच अक्षराचा माथा साधारण एक इंच सरकतो. एवढ्या सरकण्यात ठच्या गोलाची जी जाडी सगळीकडे १० मिलिमीटर होती ती एका कोपऱ्यात ११.३ होते आणि दुसऱ्या कोपऱ्यात ८.८. कागदावर पेन्सिलनं मांडून बघण्यासारखा हिशोब आहे. पंधरा वर्षांच्या मुलालाही जमेल.

एरवी ही किरकोळ गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण देवनागरीत ही सूज नेमकी नको त्या कोपऱ्यात येते.

त्याकडे येऊच. आधी ही लठ्ठ आणि तिरकी अक्षरं राहतात कुठे ते बघू, आणि त्यासाठी सुदामा नगर उत्तम. इंदूरच्या पश्चिमेला, अन्नपूर्णा मंदिर आणि फूटी कोठीच्या परिसरात पसरलेली ही मोठी वसाहत. इथले सेक्टरसुद्धा अक्षरांनीच ओळखले जातात. मराठी घरं गल्लोगल्ली. आतल्या रस्त्यांवरून जाताना फाटकांवरच्या पाट्या वाचत चला: आडनाव, घराचं नाव, वर ‘श्री’. पाटी पितळेची असो की ग्रॅनाइटची, अक्षर सरळ उभं. देवळाचं नाव सरळ. उठावन्याची, म्हणजे शोकबैठकीची, सूचना सरळ. मुख्य रस्त्याला लागलात की अक्षरं कलायला लागतात. जिम, कुरियर, मोबाइल दुरुस्ती, झटपट इंग्रजी शिकवणारे क्लास, बॅटरीवरची स्कूटर, रात्रीच्या क्रिकेट स्पर्धेचा फ्लेक्स. अक्षरं जाड, सपाट आणि उजवीकडे झुकलेली. घराचं नाव सहसा कुणी तिरकं लिहून घेत नाही, आणि क्रिकेटच्या फ्लेक्सवर सरळ अक्षर ठेवलं तर तो शोकसभेचा वाटेल. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, तरी पेंटरला, दुकानदाराला आणि रिक्षातून जाता जाता वाचणाऱ्यालाही तो ठाऊक असतो.

झुकलेलं अक्षर म्हणजे वेग, हे आपल्याला शिकवलं कुणी? धावणारा माणूस पुढे झुकतो, हे एक कारण. दुसरं कारण जास्त विलक्षण आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जाक आंरी लार्तीग नावाच्या फ्रेंच तरुणानं मोटारींच्या शर्यतीचा एक फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा एकदम उघडणारा नव्हता. एक अरुंद फट काचेवरून सरकत जायची आणि चित्र पट्ट्यापट्ट्यानं टिपलं जायचं. चाकाचा खालचा भाग आधी टिपला गेला, वरचा नंतर, आणि त्या अवधीत गाडी पुढे सरकली. फोटोत चाक उमटलं ते पुढे कललेल्या लंबवर्तुळासारखं. लार्तीग गाडीच्या रोखानं कॅमेराही फिरवत होता, त्यामुळे रस्त्याकडेचे प्रेक्षक उलट मागे रेललेले. डोळ्याला असं चाक कधीच दिसत नाही. हे पडद्याच्या फटीनं केलेलं विरूपण आहे. तरीही आज कुठल्याही चित्रकथेतली सुसाट गाडी पाहा, तिची चाकं पुढे झुकलेली असतात आणि आपल्याला ते अगदी स्वाभाविक वाटतं. कॅमेऱ्याच्या त्या दोषाचं आणि संगणकाच्या ‘आय’ बटणाचं गणित एकच आहे: खालचं तिथेच, वरचं थोडं पुढे.

पण अक्षर झुकण्याची गोष्ट मोटारीपेक्षा चारशे वर्षं जुनी आहे आणि तिचा गाड्यांशी काही संबंध नाही. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस या मुद्रकानं १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कवितांचं छोटं, हातात मावणारं पुस्तक काढलं. ते सबंध पुस्तक तिरक्या अक्षरांत होतं. अक्षरांचे मूळ ठसे कोरले फ्रान्चेस्को ग्रिफोनं. त्या काळचे इटलीतले विद्वान आणि कचेऱ्यांतले लेखनिक भरभर लिहायचे, तेव्हा त्यांचं वळण आपोआप अरुंद आणि झुकलेलं व्हायचं. ग्रिफोनं त्या वळणाचेच खिळे केले. गंमत अशी की मोठी (कॅपिटल) अक्षरं त्यानं सरळच ठेवली होती. फक्त छोटी झुकलेली. म्हणजे हे तिरकं, ‘इटालिक’ अक्षर जन्माला आलं तेव्हा ते कशावर जोर देण्यासाठी नव्हतं. ती घाईतल्या हाताची छापील नक्कल होती. सरळ मजकुरात मधेच एखादा शब्द तिरका करून त्याच्याकडे लक्ष वेधायचं, ही रीत युरोपात नंतर रुजली.

घाईतला हात तर आपल्याकडेही होता. मोडी! शिरोरेषा आधी ओळभर ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली लेखणी होता होईल तो न उचलता अक्षरांमागून अक्षरं लिहीत सुटायचं. पेशव्यांचं दप्तर मोडीत, होळकरांचं दप्तर मोडीत. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या सहीची मोडी कागदपत्रं अजून सापडतात. बाळबोध म्हणजे सावकाश, उभं, पोथीचं अक्षर. मोडी म्हणजे हिशोबाचं, फौजेचं, तातडीचं. व्हेनिसमध्ये सरळ आणि तिरक्याचं जे नातं होतं तेच हे. मोडीचे खिळेही पडले होते: विल्यम केरीचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला, त्यातली मराठी मोडी टायपात आहे. एकाच पुस्तकात बाळबोधीच्या शेजारी मोडी जोर देण्यासाठी वापरायची, असं वळण पडलं असतं तर आज आपल्याला स्वतःचं इटालिक असतं. ते झालं नाही. मोडी शाळांतून गेली, दप्तरांत बंद झाली आणि युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली ती थेट २०१४ साली.

आपल्याकडे इटालिक न रुजण्याचं दुसरंही कारण असावं असं मला वाटतं. मराठीला जोर देण्यासाठी अक्षर वाकवावं लागत नाही. ‘आज’ला एक च जोडला की ‘आजच’ होतं, काम संपलं. इंग्रजीत त्याच जागी बोलणारा आवाज चढवतो आणि छापणारा शब्द तिरका करतो. आपण ग्रंथांची नावंही अवतरणचिन्हांत घालतो. मराठी पुस्तकांच्या पानांवर तिरक्या अक्षरांची गरज अशी फारशी भासलीच नाही.

भासली ती रस्त्यावर. आणि रस्त्यावर नुसतं तिरकं पुरत नाही, जाडही लागतं. ही जाडी जाहिरातीच्या युगाची देणगी आहे. इंग्रजी मजकुराच्या जोडीनं वापरायचं ठळक अक्षर म्हणून लंडनचं ‘क्लॅरेंडन’ १८४५ मध्ये आलं. त्याआधी १८१६ मध्ये, तिथलेच विल्यम कॅस्लन चौथे यांनी रोमन अक्षरांच्या टोकांना असणारे बारीक काठ छाटून एक बिनकाठाचा टाइप बाजारात आणला होता. जाड, बिनकाठाचं आणि वर तिरकं, हे त्रिकूट विसाव्या शतकात पक्कं झालं. स्विस अक्षररचनाकार आद्रियान फ्रुटिगरनं १९५७ च्या ‘युनिव्हर्स’ या टाइपकुटुंबाला नावांऐवजी आकडे दिले. दशकाचा अंक जाडी सांगतो आणि एककाचा अंक रूप. ५५ म्हणजे साधं सरळ, ५६ तेच तिरकं, ६५ ठळक, ६६ ठळक तिरकं. मला हा ६६ नंबरचा मुलगा फार आवडतो. घरात सगळ्यात मोठ्यानं बोलणारा तोच. पाउल रेन्नरच्या १९२७ च्या ‘फुतुरा’चं ठळक तिरकं रूप घेऊन बार्बरा क्रूगर या अमेरिकन चित्रकर्तीनं लाल पट्ट्यांवर पांढरी वाक्यं लिहिली आणि जाहिरातीचा आवाज जाहिरातीवरच उलटवला. पुढे ‘सुप्रीम’ या कपड्यांच्या कंपनीनं तोच लाल पट्टा आणि तशीच अक्षरं आपल्या नावासाठी घेतली.

आता ठकडे परत येऊ. रोमन अक्षरं चपट्या टोकाच्या लेखणीनं ज्या कोनात लिहितात, त्यामुळे वर डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ जाड येते. देवनागरीसाठी बोरूचं टोक कापतात ते उलट्या बाजूला तिरकं. आपल्याकडे तीच रेघ बारीक येते. मुंबईच्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना काढला आणि राणोजी रावजी आरूंनी त्यासाठी ठसे कोरले. त्यातूनच पुढे निर्णयसागरची सुप्रसिद्ध अक्षरं घडली. त्या वळणाची एखादी जुनी पोथी किंवा पंचांग उघडा आणि ब किंवा षच्या पोटातली तिरकी रेघ बघा. सुतासारखी बारीक असते. आणि ठचा गोल? तो वर डावीकडे आणि खाली उजवीकडे जाड असतो.

यंत्रानं ढकललेल्या ठमध्ये नेमके हेच दोन कोपरे वाळतात. रोमन ‘ओ’ मात्र लेखणीमुळे मुळातच वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड असतो. त्याला उजवीकडे ढकललं तर जिथे मांस होतं तिथेच आणखी चढतं, आणि ते डोळ्याला चालून जातं. आपल्या लिपीत जिथे मांस होतं तिथलं ओरबाडून जिथे नव्हतं तिथे थापलं जातं. म्हणून जुन्या वळणाची, जाड-बारीक रेघांची देवनागरी ‘आय’ बटणानं तिरकी केली की आजारी दिसते. कारण सांगता आलं नाही तरी वाचणाऱ्याला ते जाणवतं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा जवळची सगळी पंचांगं काढून बसलो होतो.

इथेच बिनकाठाच्या, म्हणजे देवनागरीच्या बाबतीत एकसारख्या जाडीच्या वळणाची जादू आहे. देवनागरीला रोमनसारखे काठ नव्हतेच. तिच्याकडे होतं ते बोरूचं जाड-बारीक. ते काढून टाकलं, सगळ्या रेघा सारख्या केल्या, की भांडायला दोन दिशाच उरत नाहीत. मग अक्षर झुकवता येतं. देवनागरी तिरकी शोभते ती याच वळणात, आणि रस्त्यांवर आपण जे तिरकं पाहतो ते जवळजवळ सगळं याच वळणाचं आहे, हा योगायोग नाही.

अडचणी तरीही उरतात, आणि अक्षर जाड असलं की त्या लपत नाहीत. केसासारख्या बारीक अक्षरात दहा टक्क्यांचा फरक कुणाला दिसणार? ठळक अक्षरात तो मिलिमीटरांनी दिसतो. शिरोरेषा आडवी असल्यामुळे ढकलल्यावरही तेवढीच जाड राहते. उभा दंड मात्र कलला की तीन टक्के बारीक होतो. आधीच ठळक देवनागरीत शिरोरेषा जरा हलकी ठेवावी लागते, नाहीतर शब्दावर छप्पर कोसळल्यासारखं दिसतं. त्यात दंड आणखी रोडावले की तोल गेलाच. पाय जागेवर ठेवून ढकलल्यामुळे वेलांटी, रफार, अनुस्वार उजवीकडे पळतात, आणि पायांच्याही खाली असलेला उकार उलट डावीकडे जातो. ‘कुर्ला’ लिहून बघा. रफार कुर्ल्याहून निघाला आहे आणि उकार अजून मागच्या स्टेशनात आहे.

मजा पुढे आहे. अक्षर तिरकं आहे हे आपल्याला कळतं कशावरून? दंडावरून. भ, व, य, स, ग, प या अक्षरांना उजवीकडे सरळसोट दंड आहे, तो कलला की अख्खा शब्द कलतो. ‘भव्य’ हा शब्द झुकण्यासाठीच जन्मलेला दिसतो. पण ट, ठ, ड, ढ, द, ह, र, छ यांना तळापर्यंत जाणारा दंडच नाही. ही अक्षरं झुकवली तर झुकल्यासारखी दिसत नाहीत, घसरल्यासारखी दिसतात. ‘हडळ’ तिरकं करून बघा. एक दंड नाही. धावायच्या ऐवजी ती तोल सांभाळत बसते.

आणि इथे इंदूरच्या मराठी माणसाला एक खास गोष्ट दिसते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठीसाठी ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ पक्के केले आहेत. हिंदीतला ल दंडाचा. सुदामा नगरातला मराठी मुलगा शाळेत दंडाचा ल शिकतो आणि घरी आजीच्या पत्रात पाकळीचा वाचतो. ‘सेल’ हा बाजारातला सगळ्यात लाडका शब्द घ्या. हिंदी वळणात स आणि ल दोघांचे दंड एका दिशेनं झुकतात, शब्द सुसाट सुटतो. मराठी वळणात स धावतो आणि ल आपल्या दोन पाकळ्या घेऊन जागीच डोलतो. त्याला धावतं करायचं तर नुसतं ढकलून भागत नाही; पाकळ्या नव्यानं रेखाव्या लागतात.

नव्यानं रेखाटणं, हे पेंटर लोक कायम करत आले. इंदूरला अक्षरं रंगवणाऱ्यांची परंपरा मोठी. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांची इथली कलाशाळा १९२७ ची. त्यांच्या हाताखालून चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे गेले आणि मकबूल फिदा हुसेनही. हुसेननं पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलं. सगळे पेंटर हुसेन होत नाहीत, पण भिंतीवर तिरकं अक्षर काढायची रीत त्यांची सगळ्यांची एक. रंगात बुडवलेल्या दोरीचा फटका मारून दोन आडव्या रेघा, मग पट्टीनं हलक्या तिरक्या रेघा, आणि मग चपटा ब्रश. पेंटर आधी सरळ ठ काढून तो ढकलत नाही. तो पहिल्यापासूनच झुकलेला ठ काढतो, ब्रशची रुंदी सगळीकडे तीच. त्यामुळे सूज येतच नाही. रफार पुढच्या अक्षराच्या वेलांटीवर आदळणार असं दिसलं तर तो रफार थोडा मागे घेतो. दंड नसलेलं अक्षर घसरतंय वाटलं तर त्याचं पोट जरा पुढे काढतो. टाइप घडवणारे लोक ज्याला दृष्टिभ्रमाची दुरुस्ती म्हणतात, ती हीच. तिला पेंटरकडे काही नाव नाही. ‘बरोबर दिसेपर्यंत’ एवढाच त्याचा नियम.

मग संगणक आला. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फाँट घरोघरी पोचला. तो घडवला रघुनाथ कृष्ण जोशींनी, म्हणजे सगळ्यांच्या र. कृं.नी. आधी जाहिरात क्षेत्र आणि पुढे पवईच्या आयआयटीचं औद्योगिक अभिकल्प केंद्र अशी कारकीर्द असलेला हा माणूस अक्षरांसाठीच जगला. पण ‘मंगल’ कामाचा फाँट होता. पडद्यावर छोट्या आकारात देवनागरी वाचता यावी यासाठी होता. सुरुवातीला त्याला ठळक रूपही नव्हतं, तिरकं तर दूरच. कचेऱ्यांनी, शाळांनी त्यावर ‘बी’ आणि ‘आय’ दोन्ही दाबले आणि आपण सगळे सुजलेल्या ठची सवय करून बसलो. फ्लेक्सवाल्यांच्या ‘कोरल’मध्ये शब्दावर दुसऱ्यांदा टिचकी मारली की कडेला बाण येतात, ते ओढले की शब्द हवा तेवढा कलतो. १४ अंशांवर थांबायचं बंधनही नाही. काही फ्लेक्सवर अक्षरं इतकी झुकलेली असतात की वाचताना आपली मान वाकते.

म्हणून २०१४ साल मला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी ‘इंडियन टाइप फाउंड्री’चा ‘पॉपिन्स’ हा फाँट आला. ही संस्था सत्य राजपुरोहित आणि पीटर बिलाक यांनी २००९ मध्ये सुरू केलेली. ‘पॉपिन्स’मधली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. दोन्ही लिप्या भूमितीवर बेतलेल्या, वर्तुळ हा पाया, रेघा जवळपास एकाच जाडीच्या. अशा भूमितीय वळणाची देवनागरी इतक्या वेगवेगळ्या जाडींत त्याआधी नव्हती. आज ‘पॉपिन्स’च्या नऊ जाडी आहेत आणि प्रत्येक जाडीला स्वतःचं तिरकं रूप, एकूण अठरा. त्या तिरक्या रूपांत देवनागरीही आहे. इंग्रजी तिरकं करून देवनागरी सरळ सोडलेली नाही. सुरुवातीला सांगितलेला ‘लठ्ठ’ आता ‘पॉपिन्स’च्या ठळक तिरक्या रूपात लिहा आणि यंत्रानं ढकललेल्या ‘लठ्ठ’शेजारी ठेवा. या शब्दात ठखाली ठ बसवायचा असतो, दोन्ही गोलांत पांढरी जागा उरली पाहिजे, जाडी कमी होता कामा नये आणि ओळीची उंची ठरलेली. देवनागरीच्या ठळकपणाची ही सगळ्यात अवघड परीक्षा.

ठळक देवनागरीत मुंबईच्या ‘एक टाइप’च्या लोकांनीही मोठं काम केलं आहे. ‘मुक्त’च्या सात जाडी आहेत, सारंग कुलकर्णींचा गुबगुबीत ‘बालू’ तर नऊ भारतीय लिप्यांत पसरला. पण ‘मुक्त’ आणि ‘बालू’ उभेच राहतात. झुकत नाहीत, आणि मला तो निर्णय पटतो. देवनागरीला प्रत्येक वळणात इटालिक हवंच, असं काही नाही. रोमनला आहे म्हणून आम्हालाही पाहिजे, हा हट्ट कशाला?

जिथे हवं तिथे मात्र ते मनापासून हवं. मैदानावरचा फलक, रुग्णवाहिकेची बाजू, बसवरचं ‘जलद’, चार शब्दांची हाक. लांबून, चालत्या गाडीतून, अर्ध्या सेकंदात वाचायचं असेल तर जाडी उपयोगी पडते आणि झुकाव त्या शब्दाला आजूबाजूच्या सरळ पाट्यांतून वेगळा काढतो. सगळंच तिरकं असेल तर कुणीच वेगळं दिसत नाही, हे वेगळं सांगायला नको. परिच्छेदच्या परिच्छेद ठळक तिरक्या देवनागरीत छापणं हा तर वाचकाचा छळ आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ माइल्स टिंकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाचनाचा वेग मोजला, तेव्हा साध्या इंग्रजी इटालिकनंही तो किंचित घटताना दिसला. वेगाची खूण मिरवणारं अक्षर वाचणाऱ्याचा वेग कमी करतं! मग शिरोरेषा, रफार, उकार आणि जोडाक्षरं सांभाळणाऱ्या देवनागरीचं काय होत असेल? लग्नपत्रिकांत गुरुजींच्या आशीर्वादापासून आहेर न आणण्याच्या विनंतीपर्यंत सगळं जाड आणि झुकलेलं दिसतं तेव्हा वाटतं, वऱ्हाडाला कुठली गाडी पकडायची आहे?

तेव्हा पुढच्या वेळी मंडळाचा, दुकानाचा किंवा स्पर्धेचा फ्लेक्स करून घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. छापणाऱ्याला ‘आय’चं बटण दाबू देऊ नका, कडेचे बाणही ओढू देऊ नका. तिरकं रूप ज्यात मुळातच घडवलेलं आहे असा फाँट उघडायला सांगा. मजकुरात ठ, ढ किंवा ळ असेल तर तेवढं अक्षर पडद्यावर मोठं करून बघा, गोलाची जाडी सगळीकडे सारखी वाटते का ते तपासा, आणि मगच छापायला द्या. हाताशी चांगला पेंटर असेल तर भिंत त्यालाच द्या. ‘पॉपिन्स’ला पैसे पडत नाहीत. तो मुक्त परवान्याचा आहे, आणि त्याच्या अठराही फाइली गूगलच्या फाँटसंग्रहातून एकदमच उतरवून घेता येतात.